ड्रुकएअरने भूतानला जाताय? मराठी प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

भूतानला विमानाने जायचं म्हणजे पारोला उतरायचं. देशातला आंतरराष्ट्रीय विमानतळ सध्या तोच एक, आणि तिथे नियमित ये-जा करणाऱ्या कंपन्या मुख्यतः दोन: सरकारी ड्रुकएअर आणि खासगी भूतान एअरलाइन्स. सकाळचं विमान हुकलं तर दुपारचं पकडू, ही मुंबई-दिल्लीची सवय इथे उपयोगाची नाही. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीआधी लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शुल्क आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी भूतान सरकारच्या पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

ड्रुकएअर ही कसली कंपनी? नावही ऐकलं नव्हतं.

भूतानची राष्ट्रीय विमान कंपनी. १९८१ साली राजाज्ञेने स्थापना झाली आणि ११ फेब्रुवारी १९८३ रोजी पारो-कोलकाता हे पहिलं विमान सुटलं. तेव्हाचं विमान म्हणजे १८ आसनांचं छोटं डॉर्नियर. १९८८ मध्ये चार इंजिनांचं बीएई १४६ आलं, २००४ मध्ये एअरबस ए३१९ आणि २०२० मध्ये ए३२० निओ. देशांतर्गत फेऱ्यांसाठी पंख्यांचं एटीआर आहे. सगळा ताफा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ तिथे आहे.

पारोची पहिली धावपट्टी आपल्या सीमा सडक संघटनेने १९६८ मध्ये बांधली होती, तीही मुख्यतः हेलिकॉप्टरसाठी.

मुंबई, पुणे, नागपूरहून कसं जायचं?

बहुतेक लोक तीनपैकी एक मार्ग धरतात: दिल्ली, कोलकाता किंवा उत्तर बंगालमधलं बागडोगरा. गुवाहाटीहूनही विमान असतं. हिवाळ्यात भूतानी यात्रेकरू बोधगयेला मोठ्या संख्येने येतात, तेव्हा गयेहूनही सुटतं, पण ते आपल्या फारसं सोयीचं नाही.

दिल्लीचा मार्ग हिमालय बघण्यासाठी सर्वांत चांगला. बागडोगऱ्याचा सर्वांत छोटा: टेकऑफ झाल्यावर पाऊण तासाच्या आत पारो. मुंबईहून बागडोगऱ्याला थेट विमानं मिळतात, त्यामुळे दार्जिलिंग किंवा सिक्कीम जोडायचं असेल तर हाच मार्ग घ्या. मात्र बागडोगरा-पारो रोज नसतं. आधी ड्रुकएअरचे वार बघा, मग मुंबईचं तिकीट काढा. उलट क्रमाने केलं की बागडोगऱ्याजवळच्या सिलिगुडीत दोन दिवस विनाकारण मुक्काम पडतो.

दिल्ली-पारो विमान कधीकधी काठमांडूला थांबतं आणि कोलकात्याचं बागडोगऱ्याला किंवा गुवाहाटीला. अशा वेळी जागेवर बसून राहायचं. सगळे उतरताहेत म्हणून वरची बॅग काढू नका.

मुंबईत दिलेली बॅग थेट पारोला मिळेल का?

तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर नाही, असंच धरून चाला. दिल्लीत बॅग घ्यायची, टर्मिनल ३ वर यायचं, पुन्हा चेक-इन करायचं, इमिग्रेशन पार करायचं. मुंबईचं विमान टर्मिनल १ ला उतरत असेल तर मधला प्रवास वेगळा. पारोची विमानं बहुधा सकाळी सुटतात, म्हणजे आदल्या रात्री दिल्लीत पोहोचणं आलंच. पहाटेच्या पहिल्या विमानाने मुंबई सोडून पारोचं गाठण्याचा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, पण करू नका. दोन तिकिटांमधली चूकभूल कुठलीच कंपनी भरून देत नाही.

पासपोर्ट लागतोच का? आधार कार्ड चालेल?

आधार चालत नाही. पॅन नाही, ड्रायव्हिंग लायसन्स नाही. भारतीय नागरिकाला किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक हवं. व्हिसा नको, पण प्रवेश परवाना हवा. तो आधीच ऑनलाइन काढा आणि छापील प्रत हातात ठेवा, कारण चेक-इनच्या काउंटरवरच ती मागतात.

खरी अडचण येते ती नावात. मतदार कार्डावर वडिलांचं किंवा माहेरचं आडनाव, तिकीट सासरच्या आडनावाने. किंवा कार्डावरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त. जे कागदपत्र काउंटरवर दाखवणार त्यावर जसं नाव आहे, अक्षरन्‌अक्षर तसंच तिकिटावर आणि परवान्यावर घाला. जुनं कृष्णधवल फोटोचं, लॅमिनेशन सुटलेलं मतदार कार्ड असेल तर सरळ पासपोर्ट वापरा. आणि जाताना मतदार कार्ड, येताना पासपोर्ट असं करू नका. परवाना ज्या कागदपत्रावर, प्रवासही त्यावरच.

बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे जाणार असाल तर अर्थातच पासपोर्ट.

मुलांसाठी काय?

अठरा वर्षांखालच्या मुलांना पासपोर्ट, नाहीतर इंग्रजीतला जन्मदाखला आणि सोबत पालक. पासपोर्ट असेल तर तोच न्या, कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

रोज बाराशे रुपये भरावे लागतात म्हणे?

हो. त्याला शाश्वत विकास शुल्क म्हणतात. भारतीयांसाठी माणशी दर रात्री १,२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. हिशेब रात्रींचा असतो, त्यामुळे विमान सकाळी उतरलं की दुपारी, फरक पडत नाही. हे शुल्क विमानाच्या तिकिटात धरलेलं नसतं, वेगळं भरायचं. सहल कंपनीकडून जाणार असाल तर पॅकेजमध्ये ते आहे की नाही, हे लेखी विचारून घ्या. ‘सगळं धरून’ या शब्दांवर जाऊ नका.

अमेरिकेतला भाऊ सोबत येतोय. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे.

ओसीआय हे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, ते म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. त्याच्या हातात अमेरिकन पासपोर्ट आहे, म्हणून त्याला व्हिसा लागणार (४० डॉलर) आणि रात्रीचं शुल्क १०० डॉलर. हा दर आधीच्या २०० वरून निम्मा केलेला आहे आणि ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंत जाहीर झालेला आहे. एकाच कुटुंबात एकाला १,२०० रुपये आणि दुसऱ्याला १०० डॉलर, हे ऐकून घरात वाद होतात. ते तिकीट काढण्याआधीच झालेले बरे.

पारोला उतरणं जगात सर्वांत धोकादायक आहे का?

अवघड आहे. धोकादायक हा शब्द मी वापरणार नाही. कारण सांगतो.

पारोची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२३५ मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे इथे विमान उतरतं तेच आपल्या राज्याच्या सर्वांत उंच टोकापेक्षा जवळजवळ सहाशे मीटर वर. भोवतीचे डोंगर साडेपाच हजार मीटरपर्यंत जातात. धावपट्टी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. हवा विरळ, समुद्रसपाटीच्या ऐंशी टक्केच दाट. विरळ हवेत पंखांना तेवढाच उठाव हवा असेल तर वेग जास्त ठेवावा लागतो. म्हणून उतरताना जमिनीवरचा वेग अधिक आणि चढताना लागणारी धाव लांब.

दुसरा भाग दरीचा. मोठ्या विमानतळांवर विमान कित्येक किलोमीटर आधी धावपट्टीच्या रेषेत येतं आणि यंत्राच्या संकेतावर सरळ खाली येतं, धुकं असलं तरी. पारोची दरी वाकडी आहे. सरळ रेषा धरायला जागाच नाही. म्हणून वैमानिकाला डोळ्यांनी दरी बघत, वळणं घेत यावं लागतं, आणि म्हणूनच नियमित विमानं दिवसाउजेडी, दरी स्वच्छ दिसत असतानाच उतरतात. दिसत नसेल तर उतरत नाहीत. एवढा सोपा नियम आहे आणि तो पाळला जातो.

खिडकीतून हे असं दिसतं: ढगांचा थर संपतो आणि दोन्ही बाजूंनी डोंगर वर येतात. बहुतेक वेळा वैमानिक आधीच सांगतो की डोंगर नेहमीपेक्षा जवळ दिसतील, घाबरू नका. विमान एका अंगावर कलतं, मग दुसऱ्या. पंखाच्या टोकापलीकडे पाइनची झाडं सुटी सुटी मोजता येतात, उतारावर पांढऱ्या भिंतींची आणि नक्षीदार खिडक्यांची घरं, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल चौकोन. धावपट्टी कुठेच नाही, कारण शेवटच्या वळणापर्यंत ती डोंगराआडच असते. वळण सरळ होतं न होतं तोच चाकं टेकतात, आणि ब्रेक असे लागतात की पट्टा पोटात रुततो.

‘जगात फक्त आठ वैमानिकांना परवानगी’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय. ते जुनं झालं, आता संख्या त्याहून बरीच मोठी आहे. मूळ मुद्दा मात्र खरा: पारोसाठी वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय इथे विमान आणता येत नाही. ड्रुकएअरच्या नावावर आजवर एकही प्राणघातक अपघात नाही. विमानात हात घट्ट धरून बसणाऱ्या काकूंना हे शेवटचं वाक्य सांगा, बाकीचं नको.

कोणत्या बाजूची सीट घ्यावी?

दिल्लीहून जाताना डावी, येताना उजवी. विमान पूर्वेकडे जातं आणि हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला. हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू एका ओळीत दिसतात, पुढे कांचनजंगा. एव्हरेस्ट ओळखायचं कसं? सर्वांत मोठं दिसतं ते एव्हरेस्ट असेलच असं नाही, जवळचं शिखर नेहमी मोठं दिसतं. काळसर त्रिकोण आणि त्याच्या टोकावरून एका बाजूला उडणारा बर्फाचा पिसारा शोधा. कोलकात्याहून किंवा बागडोगऱ्याहून जातानाही डावी बाजूच घ्या, कांचनजंगा त्या अंगाला येतं.

पंखावरची रांग टाळा. चेक-इनला लवकर पोहोचलात तर खिडकीची सीट काउंटरवर मागून मिळते. सगळा ग्रुप खिडकीत बसू शकत नाही, हे ग्रुपला आधी सांगून ठेवा.

विमान उशिरा आलं, रद्द झालं किंवा भलतीकडेच उतरलं तर?

हे होतं, आणि त्यात कंपनीचा दोष क्वचित असतो. दुपारनंतर पारोच्या दरीत वारा जोर धरतो, म्हणून वेळापत्रक सकाळकडे झुकलेलं असतं. सकाळी ढग खाली बसले की ते मोकळे होईपर्यंत वाट बघायची, आणि वाट बघता बघता वाऱ्याची वेळ येते. दोन्हींच्या मध्ये जी फट मिळेल तेवढ्यात दिवसभराची विमानं बसवायची असतात. एक अडकलं की त्याच विमानाच्या पुढच्या फेऱ्याही अडकतात, कारण बदली विमान उभं नसतं.

हवेत असताना दरी बंद झाली तर विमान बागडोगरा, गुवाहाटी किंवा कोलकात्याला नेतात. तिथे थांबतात आणि हवा निवळली की पुन्हा निघतात, कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्या हातात एवढंच:

परतीचं पारो-दिल्ली आणि पुढचं दिल्ली-मुंबई यांत किमान सहा-सात तास ठेवा. पावसाळ्यात रात्रच ठेवा. सोमवारी सकाळी ऑफिसला हजर राहायचं असेल तर रविवारी पारोहून निघू नका, शनिवारी निघा. शेवटची रात्र राजधानी थिम्फूत नको, पारोतच काढा. थिम्फू ते पारो ५० किलोमीटर, तासाभराचा रस्ता, पण त्याच सकाळी तो करायची गरज काय? औषधं, चार्जर, एक जोडी कपडे आणि स्वेटर हातातल्या बॅगेत. कंपनीच्या नोंदीत सहल एजंटचा नव्हे, तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर आहे ना, हे तपासा, वेळ बदलल्याचा संदेश त्याच नंबरवर येतो. प्रवास विमा घ्या आणि त्यात उशीर व पुढचं विमान हुकणं धरलंय का, ते वाचा.

आणि काउंटरवरच्या माणसावर आवाज चढवून ढग हलत नाहीत. आपल्याकडच्या ग्रुपना हे सांगावं लागतं.

मग कोणता महिना चांगला?

विमानाच्या दृष्टीने ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस सरलेला, आकाश धुतलेलं, शिखरं स्पष्ट. दिवाळीची सुट्टी त्यातच येते, हे आपलं नशीब. मे महिन्यात जाता येतं, पण दुपारचे ढग आणि वळवाचा पाऊस धरून चाला, आणि एव्हरेस्ट दिसलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. जून ते सप्टेंबर पावसाळा, उशिराची शक्यता सर्वांत जास्त.

डिसेंबर-जानेवारीत गंमत होते: पारोत कडक ऊन आणि निळं आकाश, धुकं मात्र दिल्लीत आणि बागडोगऱ्यात. त्या दिवसांत विमान अडकतं ते आपल्या बाजूला.

वसंतात पारोचा आणि शरदात थिम्फूचा त्शेचू हा मुखवटानृत्यांचा उत्सव असतो. त्या आठवड्यांची तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात.

तिकीट एवढं महाग का? सेल लागत नाही का?

विमानं थोडी, कंपन्या दोन, सीट मोजक्या. विरळ हवेतल्या उड्डाणासाठी वजन आवरावं लागतं, प्रशिक्षित वैमानिक सांभाळावे लागतात. तेवढ्या पैशांत दुबईला जाऊन येता येतं, ही तुलना सगळे करतात, पण दुबईला दिवसाला किती विमानं जातात तेही बघा. मध्यरात्रीच्या सेलची वाट बघण्यात अर्थ नाही. तारीख ठरली की तिकीट काढून मोकळे व्हा.

फराळ, लोणचं, मेतकूट न्यायचं आहे. चालेल?

चिवडा, भाकरवडी, लाडू, मेतकूट खुशाल न्या. लोणचं आणि तूप चेक-इनच्या बॅगेत, घट्ट झाकणाचं, दोन पिशव्यांत. सुकं खोबरं मात्र अख्ख्या वाटीचं बॅगेत टाकू नका. त्यात तेल भरपूर असल्याने ते ज्वलनशील मानतात आणि बॅग उघडायला लावतात. पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत. वजनाची मर्यादा प्रत्येक तिकिटावर लिहिलेली असते. दिल्लीपर्यंतच्या देशांतर्गत तिकिटावरची वेगळी आणि बहुधा कमी असते, त्यामुळे कमी आकडा धरून बॅग भरा.

विमानातल्या शाकाहारी जेवणाचं तिकीट काढतानाच कळवा. जैन मंडळींनी आपला डबा ठेवावा.

उतरल्यावर डोकं दुखेल का?

थोडं जड वाटू शकतं. तिथली उंची बहुतेकांना सोसते, पण समुद्रकाठाहून आलेला माणूस दोन तासांत तिथे पोहोचतो, म्हणून पहिला दिवस हळू घ्या. पाणी प्या, पहिल्या रात्री मद्य टाळा. पारोजवळच्या कड्यावरचा टाकत्सांग मठ ३,१०० मीटरच्या वर आहे आणि चढण दमवणारी. तो पहिल्या दिवशी नको, शेवटाकडे ठेवा. शेवटची रात्र पारोत ठेवायची आहेच, दोन्ही जमून जातं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

पैसे, फोन, घड्याळ?

भूतानचं नगुल्त्रुम आणि आपला रुपया सारख्या किमतीचे, रुपये सर्रास घेतात. शंभराच्या नोटा जास्त ठेवा. २०२१ पासून तिथे यूपीआय चालतं, पण तुमच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार निघण्याआधी सुरू करा, तिथे गेल्यावर ओटीपीची वाट बघत बसू नका. सिमकार्ड पारो विमानतळावरच मिळतं. घड्याळ अर्धा तास पुढे करा. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात, परतीच्या दिवशी हा अर्धा तास भल्याभल्यांना चकवतो.

एका बाजूने विमान आणि दुसऱ्या बाजूने रस्ता केला तर?

मला विचाराल तर बऱ्याच जणांसाठी हाच मार्ग चांगला. हासीमारा स्टेशन किंवा बागडोगऱ्याहून गाडीने सीमेवरचं जयगाव, तिथून कमान ओलांडली की भूतानमधलं फुंटशोलिंग. एक मुक्काम करून चार-पाच तासांत पारो किंवा थिम्फू. खर्च वाचतो आणि उंची हळूहळू चढल्याने त्रासही कमी होतो. परत येताना विमान घ्या. पावसाळ्यात मात्र या रस्त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा विमान बरं की रस्ता बरा, याला ठाम उत्तर नाही.

उलट, म्हणजे जाताना विमान आणि येताना रस्ता असं केलं, तर परतीच्या विमानाची टांगती तलवार राहत नाही, पण शेवटचा दिवस गाडीत जातो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर पहिला पर्याय, सुट्टी काटेकोर असेल तर दुसरा.

मध्य भूतानमधल्या बुमथांगला विमानाने जाता येतं का?

येतं. बुमथांग, योंगफुला आणि गेलेफू इथे देशांतर्गत धावपट्ट्या आहेत आणि एटीआर जातं. रस्त्याने लागणारा अख्खा दिवस वाचतो. पण हवेचा नियम तोच, आणि फेऱ्या आणखी कमी. बुमथांगहून परतीच्या विमानाला लागूनच पारो-दिल्ली ठेवू नका, मध्ये एक दिवस हवा. थिम्फू आणि पारोच्या पलीकडे जायचं तर सोबत परवानाधारक गाइड लागतो, तोही आधी ठरवा.

परत येताना पारो विमानतळावर किती आधी पोहोचायचं?

दोन-अडीच तास. इमारत छोटी आहे, एखाद्या वाड्यासारखी, रंगवलेल्या लाकडी तुळयांची. रांगा लांब नसतात, पण दोन-तीन विमानं लागोपाठ असली की एकच गर्दी होते. एरोब्रिज नाही, मैदानातून चालत जाऊन शिडी चढायची. त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी व्हीलचेअर आधी नोंदवा आणि शिडीसाठी मदत लागेल हेही त्याच वेळी सांगा. जाता जाता विमानाचे फोटो काढायला कोणी फारसं अडवत नाही, पण कर्मचाऱ्यांनी हात केला की थांबा.